नाशिकच्या जुन्या काँक्रीट इमारतींचे फोटो: फिल्म, डिजिटल आणि उत्तरेची भिंत

गोदाकाठी
१२ फेब्रुवारी, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी,

गंगापूर रोडला आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर एक तीन मजली इमारत आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. नाव-पत्ता मुद्दाम लिहीत नाही, कारण पुनर्विकासाचं बोलणं सभासदांमध्ये अजून चालू आहे आणि त्यांच्या घरच्या गोष्टीत मला पडायचं नाही. पण गणपतीनंतर ती पाडणार हे जवळपास ठरलंय.

मागच्या दिवाळीत तिथे एकांकडे फराळाला गेलो होतो. जिना चढताना हात भिंतीला लागला. उघडं काँक्रीट, गिलावा नाहीच. त्यावर सेंट्रिंगच्या फळ्यांचे ठसे जसेच्या तसे उमटलेत. लाकडाच्या रेघा, मध्येच एखादी गाठ, दोन फळ्यांच्या सांध्यातून बाहेर आलेली सिमेंटची बारीक कड. ती फळी केव्हाच कुठल्यातरी चुलीत गेली असणार, पण तिची गाठ माझ्या बोटांना लागत होती. तेव्हापासून ही इमारत डोक्यातून जात नाही.

उत्तरेच्या बाजूला तिन्ही मजले काँक्रीटची जाळी आहे. एकेक ठोकळा वीतभर, खोली चार बोटं, आणि प्रत्येकाच्या आत एक तिरकी पट्टी. दक्षिणेला लांबलचक छज्जे, खाली जोत्यापर्यंत ग्रिट वॉश (बारीक खडी उघडी दिसणारा गिलावा). रंग कधी दिलेलाच नाही, त्यामुळे पावसाचे काळे ओघळ आहेत तसे आहेत.

मला तिचे फोटो नीट काढून ठेवायचे आहेत, फिल्मवर आणि डिजिटलवर, दोन्ही. मामांची यशिका मॅट १२४जी आहे (चौकोनी फ्रेमचा जुना फिल्म कॅमेरा, शटर तपासून घेतलंय, चालू आहे) आणि एक फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरचा) डिजिटल, २४-१०५ लेन्ससह. डिसेंबर-जानेवारीत सात-आठ वेळा जाऊन आलो. रस्ता अरुंद आहे, सगळी इमारत मावायची तर कॅमेरा वर करावा लागतो आणि मग ती मागे कलंडल्यासारखी दिसते. ते एक वेळ समजू शकतो. पण जाळीचं काय करू? सकाळी काढा, दुपारी काढा, संध्याकाळी काढा, ती सपाट राखाडीच येते. समोर उभं राहून जे दिसतं त्याचा मागमूस फोटोत नाही.

जाणकारांनी कृपया सांगावं.

बेस आयएसओ
१२ फेब्रुवारी, रात्री ११.२५

इमारत कलंडते त्यात लेन्सचा दोष नाही. सेन्सर (किंवा फिल्म) भिंतीला समांतर असेल तर उभ्या रेषा उभ्याच राहतात. कॅमेऱ्याचं तोंड वर केलं की त्या वर जाऊन एकमेकींकडे झुकतात. तेव्हा ट्रायपॉड लावा, लेव्हल बघा, कॅमेरा नाकासमोर सरळ ठेवा आणि २४ वर उभी फ्रेम घ्या. खालचा अर्धा फोटो डांबरी रस्ता येईल. येऊ द्या, नंतर कापा.

याहून चांगलं हवं असेल तर शिफ्ट लेन्स भाड्याने आणा. मी कॅननची टीएस-ई २४ वापरतो. तिचा पुढचा भाग १२ मिमीपर्यंत वर सरकतो. हे जमतं कारण ती लेन्स पाडते ते प्रकाशाचं वर्तुळ ६७.२ मिमी व्यासाचं आहे आणि फुल फ्रेमचा कर्ण जेमतेम ४३ मिमी. म्हणजे सेन्सरला त्या वर्तुळात हिंडायला जागा आहे. कॅमेरा न हलवता लेन्स खाली, मध्ये, वर अशी सरकवून तीन फ्रेम घेतल्या की त्या अगदी बिनचूक जोडल्या जातात.

लाईटरूम सॉफ्टवेअरमधलं अपराइट (कललेल्या रेषा सरळ करणारी सोय) मी शेवटचा उपाय म्हणून ठेवतो. थोडासा कल असेल तर ठीक. जास्त ओढलं की वरचा मजला ताणला जातो, त्याचा तपशील खालच्यापेक्षा मऊ पडतो, आणि कडेचा भाग कापला जातो तो वेगळाच.

भद्रकालीकर
१३ फेब्रुवारी, सकाळी ७.५०

दादा, वर सांगितलेली शिफ्टची युक्ती आपल्या जुन्या स्टुडिओवाल्यांना पाठ होती. आमच्या आजोबांच्या स्टुडिओत वागीश्वरी होता, केरळात अलेप्पीला बनायचा तो लाकडी कॅमेरा. मागे दुधी काच, मध्ये कातडी भाता, पुढे लेन्सची पाटी. पाटी वर सरकवली की देवळाचा कळस चित्रात यायचा आणि खांब सरळ राहायचे.

मी लहान असताना काळ्या कापडाखाली डोकं घालून बघायचो. काचेवर सगळं उलटं दिसतं, डोकं खाली पाय वर. आजोबा म्हणायचे, उलटं दिसतं म्हणून बरं आहे, देऊळ आहे हे विसरतोस आणि रेघा बघतोस. इमारतीचा फोटो काढताना मला आजही त्याचा उपयोग होतो. मोबाइलवर काढलेला फोटोसुद्धा मी एकदा उलटा करून बघतो. कुठे वजन जास्त झालंय ते लगेच कळतं.

कॅमेरा अजून आहे, पण भात्याला भोकं पडलीत. दुरुस्त झाला तर घेऊन येतो.

हायपो
१३ फेब्रुवारी, दुपारी १.१५

यशिकाबद्दल सांगतो, कारण मी पंधरा वर्षं तीच वापरतोय.

तुमची फ्रेम चौकोनी आहे आणि तीच तुमची शिफ्ट आहे. कॅमेरा सरळ ठेवला की क्षितिज फ्रेमच्या मध्यावर येतं. इमारत वरच्या अर्ध्यात, रस्ता खालच्या अर्ध्यात. प्रिंट करताना खालची पट्टी सोडून द्या. निगेटिव्ह इतकी मोठी आहे की एवढं कापूनही ३५ मिमीच्या दुप्पट उरते. ल्यूसिएन हर्वे, आर्किटेक्ट ल कॉर्बुझिएच्या इमारतींचा फोटोग्राफर, तोही प्रिंट बेधडक कापायचा. १९४९ साली कॉर्बुझिएच्या मार्सेतल्या वसाहतीचे एका दिवसात ६५० फोटो काढून त्याने ते कॉर्बुझिएला पाठवले आणि त्यावरच त्याला पुढचं काम मिळालं. मी हे सांगतोय कारण "फिल्म म्हणजे मोजून बारा फोटो" असं डोक्यात घेऊन लोक हात आखडतात. इमारत पाडली जाणार आहे. रोल खर्च करा.

अडचण एकच. यशिकाची लेन्स ८० मिमी, म्हणजे फुल फ्रेमच्या हिशेबात साधारण ४५. अरुंद रस्त्यावरून पूर्ण इमारत मावणार नाही. समोरच्या इमारतीत परवानगी मागा आणि दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत किंवा जिन्याच्या खिडकीत जा. निम्म्या उंचीवर उभं राहिलं की वर बघावंच लागत नाही.

कृष्णधवल फिल्मसाठी फिल्टर: आकाश निळं असेल आणि काँक्रीट फिकट, तर नारिंगी. एक्स्पोजर दोन स्टॉप वाढवायचं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). पिवळ्याला एक, लालला तीन. लाल मला इमारतींना भडक वाटतो, आकाश काळं पडतं आणि सावल्यांमधला तपशील जातो. यशिकाला बे-१ मापाचे फिल्टर लागतात, साध्या आट्यांचे बसत नाहीत, हे विकत घेण्याआधी बघा.

जिन्यात काढणार असाल तर एक लक्षात ठेवा. एचपी५ला (इलफर्डची कृष्णधवल फिल्म) एक सेकंदापेक्षा जास्त एक्स्पोजर लागलं की फिल्म आळसावते. उजेड मोजणाऱ्या मीटरने १० सेकंद सांगितले तर २० द्या. ३० सांगितले तर जवळजवळ दीड मिनिट. डिजिटलला हे काही लागत नाही, त्यामुळे दोन्ही वापरणारे नेमके इथे चुकतात.

टी-स्क्वेअर
१३ फेब्रुवारी, रात्री ९.०५

मी फोटोग्राफर नाही. १९७४ पासून ड्राफ्ट्समन म्हणून बोर्डावर काम केलं, आता निवृत्त आहे. मुलीने हा धागा दाखवला म्हणून खाते उघडले.

जाळीबद्दल लिहितो. आपण डिसेंबर-जानेवारीत गेलात, तेव्हा उत्तरेच्या भिंतीवर ऊन नसतेच. हिवाळ्यात सूर्य पूर्वेच्या दक्षिणेला उगवतो आणि दक्षिणेकडूनच जातो. दिवसभर ती भिंत स्वतःच्या सावलीत असते. म्हणून कधीही काढले तरी एकच राखाडी.

नाशिक २० अंश अक्षांशावर आहे. २१ मार्चनंतर सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवू लागतो. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावली असते, त्या सुमारास तो पूर्वेपासून साधारण २१ अंश उत्तरेला उगवतो. इमारत बरोबर उत्तराभिमुख असेल, तर त्या दिवसांत सकाळी सव्वासहा ते आठ ऊन भिंतीला घासून येईल. भिंतीवर समोरून पडणारे ऊन आणि भिंतीला घासून जाणारे ऊन यात फार फरक आहे. आपण एलिव्हेशन (इमारतीच्या बाजूचे सरळ समोरून चित्र) काढायचो तेव्हा सावली ४५ अंशाने टाकायची पद्धत होती. घासून येणारे ऊन चार बोटांच्या खोलीची सावली कितीतरी लांब ओढते.

पुन्हा जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सूर्य त्याच जागी येतो, पण तेव्हा ढग असतात. म्हणून मे सोडू नका. होकायंत्र घेऊन भिंतीची दिशा आधी तपासा. पूर्वेला झाड किंवा नवी इमारत असेल तर ऊन उशिरा येईल, तेही एकदा बघून ठेवा.

आणि जिन्याचे फोटो आधी घ्या. पाडायच्या इमारतींचे सगळे लोक दर्शनी बाजू काढतात. आर्किटेक्टचा हात जिन्यात दिसतो. कठडा कुठे वळवला, लँडिंगला उजेड कुठून घेतला, पायरीची कड कशी संपवली.

गोदाकाठी
१३ फेब्रुवारी, रात्री ९.४०

काका, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. तीन महिने मी लेन्सला आणि मीटरला दोष देत होतो. उद्याच होकायंत्र घेऊन जातो. जिन्याचंही लक्षात ठेवतो.

छज्जा
१४ फेब्रुवारी, सकाळी ११.३०

काकांना मनापासून नमस्कार. मी आर्किटेक्चर शिकवते आणि उन्हाचा हा हिशेब मुलांना फळ्यावर शिकवते, पण तो कॅमेऱ्याला इतका सरळ जोडलेला वाचून आनंद झाला.

धागाकर्त्यांना एक सांगायचं आहे. दिल्लीच्या प्रगती मैदानावरचं हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शनाचं दालन २०१७च्या एप्रिलमध्ये पाडलं. राज रेवाल यांचं डिझाइन, महेंद्र राज यांचं इंजिनिअरिंग, १९७२ सालचं. एवढा मोठा काँक्रीटचा स्पेस फ्रेम (तिरक्या दांड्यांची त्रिमितीय चौकट), आणि तो ओतला होता जागेवर, हातांनी. देशभरातून विनंत्या झाल्या, तरी पाडलंच. आज मी वर्गात ते शिकवताना मदन महत्ता यांचे कृष्णधवल फोटो दाखवते. दिल्लीच्या स्वातंत्र्योत्तर इमारती त्यांनी उभ्या राहत असतानाच टिपल्या. त्या फोटोंत काँक्रीट कोरं आहे, कडा धारदार आहेत. मुलं विचारतात, मॅडम, हे कुठे बघायला मिळेल?

नाशिकमध्ये वाडे आणि मंदिरं यांचे फोटो चिक्कार आहेत आणि असायलाच हवेत. सरकारवाडा कुणी पाडायला निघालं तर शहर रस्त्यावर येईल. पण १९६० ते ८५ मधली आपली बँका, कॉलेजं, सोसायट्या, औद्योगिक वसाहतीतली शेड्स यांना कुणी वारसा म्हणत नाही. नव्या नाशिकला जन्म दिला तो याच बांधकामाने. तुम्ही एका सोसायटीचे फोटो काढताय, माझ्या दृष्टीने ते काम मोठं आहे.

दोन विनंत्या. फोटोत कुठेतरी माणूस असू द्या, किंवा सायकल, किंवा वाळत घातलेली साडी. माप कळतं. आणि मागची बाजू सोडू नका. डक्ट, पाण्याचे पाइप, गॅलरीला नंतर लावलेल्या ग्रिल. लोक तिथे कसे राहिले ते मागच्या बाजूला दिसतं.

बेस आयएसओ
१४ फेब्रुवारी, दुपारी ४.१०

काकांना +१०००.

एक प्रामाणिक प्रश्न, वाद घालण्यासाठी नाही. हे सगळं डिजिटलवर होत असताना फिल्म कशासाठी? माझ्या रॉ फाइलमध्ये सावल्या चार स्टॉप उचलता येतात. जाळीच्या आतून बाहेर काढायचं असेल तर तीन ब्रॅकेट (कमी-जास्त एक्स्पोजरच्या फ्रेम) घेऊन हाताने मास्क करून जोडतो. स्वयंचलित एचडीआर मी वापरत नाही, त्याने काँक्रीट प्लॅस्टिकसारखं दिसतं. फिल्मवर तेच करायचं तर नशिबावर सोडावं लागतं.

हायपो
१४ फेब्रुवारी, रात्री १०.२०

नशिबावर नाही हो. सावलीचं मीटरिंग करा, मीटर जे सांगतो त्यापेक्षा दोन स्टॉप कमी द्या, म्हणजे सावली सावलीच राहील पण तपशील धरेल. उजळ भाग डेव्हलपिंगची वेळ कमी करून आवरायचा. अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४०च्या आसपास बसवलेली झोन सिस्टिम म्हणजे मुळात हेच आहे. उजळ टोकाला निगेटिव्ह हळूहळू भरत जाते, एकदम फाटत नाही. डिजिटलमध्ये आकाश पांढरं पडलं की त्यातला तपशील गेलाच.

तुमच्या ब्रॅकेटने हे होतं, मान्य. पण जाळीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. जाळीमागे लोकांनी मच्छरजाळी लावलेली असणार. लांबून काढली की सेन्सरच्या पिक्सेलची ओळ आणि मच्छरजाळीची ओळ एकमेकांवर येऊन रंगीत लाटा उमटतात. फिल्मचे कण कसेही विखुरलेले असतात, तिथे हा त्रास होत नाही.

आणि निगेटिव्ह ही वस्तू आहे. ती प्लॅस्टिकच्या बाहीत घालून, बाहेर पेन्सिलीने तारीख लिहून कपाटात ठेवली तर तुमची नात ती खिडकीसमोर धरून बघू शकेल. माझ्या स्वतःच्या २००६ ते २००९च्या फाइल्स एका बंद पडलेल्या हार्ड डिस्कमध्ये अडकल्यात. त्याच वर्षांतले निगेटिव्ह शाबूत आहेत.

तरीही मी निगेटिव्ह स्कॅन करतो ते डिजिटल कॅमेऱ्यानेच. खाली लाइट पॅड, वर मॅक्रो लेन्स, कॅमेरा निगेटिव्हला समांतर. मला दोन्हींशिवाय चालत नाही.

बेस आयएसओ
१४ फेब्रुवारी, रात्री १०.४५

मच्छरजाळीचा मुद्दा पटला. रंगीत लाटा मीही भोगल्यात, एका हॉटेलच्या लूव्हर्सवर. तेव्हा दोन पावलं पुढेमागे सरून काम भागवलं होतं. हार्ड डिस्कबद्दल वाईट वाटलं.

पवननगर
१५ फेब्रुवारी, सायंकाळी ६.३०

सगळ्यांना नमस्कार. मी सिडकोत राहते, बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. पण धागा वाचून आमच्याच गल्लीकडे नव्याने बघायला लागले.

सिडकोने घरं दिली तेव्हा ती सगळी सारखी होती, बैठी. आज आमच्या ओळीत एकही घर दुसऱ्यासारखं नाही. कुणी वर मजला चढवला, कुणी पुढे दुकान काढलं, कुणी बाहेरून लोखंडी जिना लावला. पण प्रत्येक ओळीत एक तरी घर मूळचं राहिलंय, पत्रा, छोटी खिडकी आणि पुढची तुळस. मला या घरांचे फोटो एकाच पद्धतीने काढायचे आहेत. मोबाइलवर होईल का? की हे मॉडर्न आर्किटेक्चरमध्ये बसतच नाही?

छज्जा
१५ फेब्रुवारी, रात्री ८.१५

बसतं गं, पुरेपूर बसतं. नियोजन करून, एकाच नकाशावरून हजारो माणसांना परवडेल असं घर देणं ही विसाव्या शतकातल्या वास्तुकलेची मोठी खटपट होती, आणि तू तिच्या आत राहतेस.

जर्मनीत बर्न्ड आणि हिला बेखर या पती-पत्नीने पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, खाणींचे मनोरे असेच काढले. ढगाळ दिवस, सावली नाही, सरळ समोरून, प्रत्येक वेळी फ्रेममध्ये तेवढंच मोठं. नंतर नऊ-नऊ, बारा-बारा फोटो शेजारी मांडले. एकटा फोटो साधा वाटतो, शेजारी मांडले की डोळा आपोआप फरक शोधतो.

तुला पावसाळ्याची सुरुवात सोयीची. मोबाइलची मुख्य लेन्सच वापर, रुंदवाली नको, ती कडा ताणते. ग्रिड चालू ठेव. रस्त्याच्या पलीकडच्या कडेला खडूने खूण कर आणि प्रत्येक घर तेवढ्याच अंतरावरून घे. आणि आधी घरातल्यांना विचार. "तुमच्या घराचा फोटो काढू का" असं विचारलं की माणसं घराची गोष्टही सांगतात, ती वहीत लिहून ठेव.

टी-स्क्वेअर
१६ फेब्रुवारी, सकाळी ८.००

पवननगर, बाळ, घराच्या मूळ नकाशाची प्रत कुणाकडे असेल तर तिचाही फोटो घे. बऱ्याच घरांत पत्र्याच्या पेटीत असते. आमच्या वेळी ट्रेसिंगवरून अमोनिया प्रिंट काढायचे. अमोनियाच्या पेटीतून प्रिंट बाहेर आला की त्या वासाने डोळ्यांतून पाणी यायचे. ते प्रिंट उजेडात फिके पडतात, आता वाचता येतील तोवर टिपून ठेवलेले बरे.

हायपो
१६ फेब्रुवारी, सकाळी ९.३५

काकांच्या अमोनिया प्रिंटवरून आठवलं. त्याच्याही आधीचा निळा ब्लूप्रिंट म्हणजे सायनोटाइप, जॉन हर्शेलने १८४२ साली शोधलेला फोटोचाच प्रकार. डिजिटल फोटोचा निगेटिव्ह करून (काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं) पारदर्शक शीटवर छापायचा, लेप दिलेल्या कागदावर ठेवून गच्चीवर उन्हात धरायचा आणि साध्या पाण्यात धुवायचा. डार्करूम लागत नाही. नाशिकच्या एप्रिलच्या उन्हात काही मिनिटांत होतं. जाळीचा फोटो त्यात कसा येईल हे मला बघायचंच आहे. ज्या निळ्या रंगात एकेकाळी इमारतींचे नकाशे छापले जात, त्याच निळ्यात तिचा शेवटचा फोटो.

गोदाकाठी
२ एप्रिल, रात्री ९.१०

खबर देतो. भिंत उत्तरेपासून चारेक अंश पूर्वेकडे वळलेली आहे, म्हणजे फायद्याचंच. समोरच्या इमारतीतल्या काकूंनी दुसऱ्या मजल्याची गॅलरी वापरू दिली, वर दोन्ही वेळा चहा. तिथून दक्षिण बाजू वगळता सगळं सरळ येतं. छज्ज्यांचे फोटो भर दुपारीच काढले, हिवाळ्यातलं ऊन छज्ज्याखाली शिरतं आणि मार्चअखेर ते जवळपास बंद होतं, हे दोन फोटो शेजारी ठेवल्यावर कळलं.

एक वाईट अनुभव. एका लॅबला दिलेला पहिला रोल ओरखडे पडून आला, बाराही फ्रेमवर एक सरळ रेघ. आता घरीच धुवायचं ठरवलंय. आणि ड्रोनने वरून घ्यावं का?

बेस आयएसओ
२ एप्रिल, रात्री ९.५०

ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडून बघाच. नाशिकला देवळालीचं तोफखाना केंद्र, ओझरचा विमानतळ, नाशिकरोडचे छापखाने आहेत. २०२१च्या नियमांनुसार हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे आहेत आणि २५० ग्रॅमच्या आतला नॅनो ड्रोन असला तरी लाल पट्ट्यात परवानगीशिवाय चालत नाही. तुमच्या कामाला मला तो गरजेचा वाटत नाही. तीन मजली इमारत आहे, समोरची गच्ची पुरेशी आहे.

हायपो
३ एप्रिल, सकाळी ७.२०

घरी धुताय हे उत्तम. एचपी५, आयडी-११ डेव्हलपर पाण्याबरोबर एकास एक, २० अंशांना १३ मिनिटं. आता खरी अडचण २० अंशांची आहे. एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी ३० च्या वर असतं. मोठ्या टबात पाणी आणि बर्फ, त्यात केमिकलच्या बाटल्या आणि टँक अर्धा तास आधी ठेवा. डेव्हलपर गार आणि धुण्याचं पाणी गरम असं झालं तर फिल्मवरचा लेप सुरकुततो. म्हणून धुण्याचं पाणीसुद्धा रात्रीच माठात भरून ठेवा. शेवटचं विसळणं डिस्टिल्ड पाण्यात, नाहीतर वाळताना डाग पडतात. मी वाळवायला बाथरूममध्ये टांगतो, आधी गरम पाण्याचा नळ सोडून धूळ खाली बसवतो.

गोदाकाठी
२३ मे, दुपारी १२.३०

मंडळी, ऊन आलं.

१८ तारखेपासून रोज सहाला जातोय. पूर्वेला गुलमोहर आहे, त्यामुळे पहिली दहा मिनिटं सावलीची. ६.२५ला वरच्या मजल्याची कड उजळते. मग ऊन एकेक ओळ खाली उतरतं, आणि सात वाजायच्या आत सगळी जाळी उभी राहते. उभी राहते हाच शब्द आहे. प्रत्येक ठोकळ्याची सावली शेजारच्यात जाऊन पडते, आतल्या तिरक्या पट्ट्या वेगळ्या सुटतात, आणि ज्या भिंतीला मी तीन महिने सपाट म्हणत होतो तिला खोलीच खोली आहे.

एचपी५, नारिंगी फिल्टर, एफ/१६, १/१५, केबल रिलीजने. चार रोल झाले. डिजिटलवर पूर्ण भिंत, आणि लांबून घेतलेल्या फ्रेममध्ये मच्छरजाळीच्या रंगीत लाटा आल्याच, हायपो म्हणाले तशा. फिल्मवर नाहीत.

निगेटिव्ह काल लाइट पॅडवर भिंगाखाली बघत होतो. दुसऱ्या मजल्यावर, डावीकडून सातव्या रांगेत एका ठोकळ्यातली पट्टी उलट्या बाजूला झुकलेली आहे. हजारभर ठोकळ्यांत एकच. आधी वाटलं माझीच नजर चुकतेय. आज सकाळी जाऊन बघितलं, खरंच उलटा बसवलेला आहे. तिथे राहणाऱ्या आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "तो ना? आमच्या ओट्यासमोरचा. लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय." त्यांना त्या ठोकळ्याचा प्रिंट करून देणार आहे.

छज्जा
२३ मे, दुपारी १.०५

वाचताना अंगावर काटा आला. आजींचं स्वयंपाकघर आतून, त्या ठोकळ्यासकट, घ्याल का? त्यांची हरकत नसेल तर.

पवननगर
२३ मे, दुपारी २.४०

दादा, खूपच सुंदर. माझी एकतीस घरं झाली, सात जणांकडे मूळ नकाशाही मिळाला. पाऊस सुरू झाला की उरलेली. प्रिंट दाखवायला कुठे भेटायचं?

हायपो
२३ मे, दुपारी ३.००

माझ्या गच्चीवर या रविवारी. सायनोटाइपचं केमिकल कालवून ठेवतो. ढग यायच्या आत जाळी छापून घेऊ.

टी-स्क्वेअर
२३ मे, रात्री ८.५५

फार छान काम झाले. उलट्या ठोकळ्याचे वाचून आमच्या साइटवरचे मिस्त्री डोळ्यांसमोर आले.

जिना घेतलात का?

गोदाकाठी
२३ मे, रात्री ९.०२

नाही काका. राहिला. उद्या सकाळी जाळी सोडतो आणि थेट जिन्यात जातो. मीटरने दहा सेकंद सांगितले की वीस.